रायपूरचे दोन ज्ञानप्रसारक

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाचे एक औद्योगिक क्षेत्र आहे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आणि तापलेल्या पोलादाच्या कांबी लाटणाऱ्या गिरण्या ही त्याची ओळख. शेजारच्या सिलतरा भागात लोहखनिजापासून स्पंज आयर्न तयार होते. हे लोखंड वितळवून काढलेले नसते. म्हणूनच ते स्पंजासारखे सच्छिद्र राहते. खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. दगडी कोळसा आणि खनिज ही एकत्र तापविली की कोळशातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. सारा कारखाना, त्याची धुराडी, त्याचे फिरते नळकांडे, हे सर्व एवढ्या एका देवघेवीसाठी उभे केलेले असते.

ही देवघेव छत्तीसगडला नवी नाही. मध्य भारतातील आगरिया नावाची जमात मातीच्या कमरेइतक्या उंच भट्टीत, लाकडी कोळशावर, पायाने चालविलेल्या भात्यांच्या वाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या लोखंड काढीत आली. तिच्या भट्टीतही लोखंड वितळत नसे. मळीने भरलेला लाल गोळा बाहेर काढून, घणाखाली ठेचून, शुद्ध करावा लागे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात तिच्या तीन दैवतांची माहिती आहे: लोहासुर, कोयलासुर आणि आग्यासुर. खनिज, कोळसा आणि अग्नी ही तीन सामग्री रसायनशास्त्रज्ञालाही मान्यच आहे. आगरियांनी क्रिया बिनचूक हेरली होती, तिला नावेही दिली होती. एक नाव मात्र त्या यादीत नव्हते. खनिजातून निघून जाणारा चौथा, डोळ्यांना न दिसणारा पदार्थ त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो युरोपालाही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ठाऊक नव्हता.

या चौथ्याचे नाव छत्तीसगडातल्या किंवा वऱ्हाडातल्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगितले, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. शास्त्राचे चमत्कार सांगायला उत्साह लागतो हे खरे. परंतु उत्साह असून शब्द नसले म्हणजे सांगणारा अडखळतो. आणि शब्द असून सगळ्या ज्ञानाचा आराखडा नसला म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती सुट्या गमती तेवढ्या लागतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या दोन्ही उणिवा भरून काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील दोन पुरुषांचा रायपूरशी संबंध आहे. दोघांचीही मातृभाषा मराठी. एकाने आपले आयुष्य हिंदीला दिले, दुसऱ्याने मराठीला. पहिले माधवराव सप्रे. दुसरे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर.

छत्तीसगडात मराठी कुटुंबे कशी आली हे सांगण्यास फार शब्द नकोत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल रतनपूर आणि रायपूर या मुलखावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कारकुनी, वकिली, शिक्षकी करणारी मराठी घरे मात्र तेथेच राहिली आणि नव्या राजवटीत त्यांच्यात आणखी भर पडली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा व्यवहार. भाषांतर ही त्यांच्यासाठी विद्वत्ता नव्हती. ती रोजची सवय होती.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. १८९८ साली कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळाली. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, ती त्यांनी पत्करली नाही. पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक म्हणून राहून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांचे सहकारी रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. हिंदी मासिकाच्या कर्त्यांत तीन मराठी नावे पाहून आज नवल वाटते, तेव्हा फारसे कोणाला वाटले नसावे. मासिक आधी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात आणि पुढे नागपुरास देशसेवक छापखान्यात छापले जाई. त्यात १९०१ साली आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट हिंदीतील पहिली लघुकथा होय असे अनेक अभ्यासक मानतात. तीन वर्षे तोटा सोसून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

ज्या वर्षी मासिक मिटले त्याच सुमारास सप्र्यांकडे एक निराळे काम आले. काशीची नागरी प्रचारिणी सभा १८९३ साली स्थापन झाली होती. हिंदीत शास्त्रीय ग्रंथ लिहावयाचे तर आधी परिभाषा ठरली पाहिजे, हे सभेच्या लवकरच ध्यानी आले. भूगोल, ज्योतिष, गणित, पदार्थविज्ञान, रसायन, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या सात विषयांतील इंग्रजी संज्ञांना हिंदी प्रतिशब्द देणारा कोश करण्याचे तिने ठरविले. प्रत्येक विषय एकेका जाणत्याकडे सोपविला. गणित आणि ज्योतिष महामहोपाध्याय सुधाकर द्विवेदी यांच्याकडे, तत्त्वज्ञान महावीरप्रसाद द्विवेदी यांच्याकडे. अर्थशास्त्र माधवराव सप्रे यांच्याकडे. श्यामसुंदर दास यांच्या संपादकत्वाखाली हा कोश १९०६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी भाषांतून शास्त्रीय परिभाषेचे जे पहिले सामुदायिक उद्योग झाले त्यांत याची गणना करावी लागते. त्यापूर्वी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी या दिशेने काम आरंभिले होते. १८९० साली निघालेल्या कलाभवनात देशी भाषांतून धंदेशिक्षण द्यावयाचे तर शब्द हवेत, ही त्यामागची निकड होती.

अर्थशास्त्राला आज कोणी विज्ञानाच्या पंक्तीला बसविणार नाही कदाचित. परंतु सभेच्या दृष्टीने शास्त्र ते शास्त्र. त्या विषयाचे नुसते नावच पाहावे. १८४९ साली लोकहितवादींनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले तेव्हा त्याला ‘लक्ष्मीज्ञान’ म्हटले. हिंदीत ‘संपत्तिशास्त्र’ हे नाव रूढ होऊ लागले होते. अखेर दोन्ही भाषांत ‘अर्थशास्त्र’ हाच शब्द स्थिरावला. सप्र्यांनी या विषयावर स्वतः एक पुस्तक लिहून ठेवले होते. ते न छापता त्यांनी हस्तलिखित महावीरप्रसाद द्विवेदींकडे पाठविले, आणि द्विवेदींचे ‘संपत्तिशास्त्र’ १९०८ साली बाहेर पडले. आपल्या श्रमाचा ग्रंथ दुसऱ्याच्या हवाली करणारा माणूस विरळाच. शब्द आणि माहिती ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती कोणाच्या नावावर चढते याला महत्त्व नाही, अशी सप्र्यांची वृत्ती होती असेच यावरून दिसते.

कोशातील गणिताचा विभाग ज्या सुधाकर द्विवेदींनी पाहिला, त्यांच्यामागेही मराठी माणसांची एक परंपरा उभी आहे. आणि ती माळव्यातून काशीस गेलेली आहे. येथे थोडे मागे जाऊन ती सांगणे अवश्य आहे, कारण शास्त्र सामान्य माणसाला कसे पटवावे याचा एक विलक्षण प्रयोग तीत झालेला आहे.

भोपाळचा इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हा सिहोर येथे राहत असे. त्याच्या पदरी सुबाजी बापू नावाचे मराठी ज्योतिषी होते. पृथ्वी सपाट आहे, मध्ये मेरू आहे, भोवती क्षीरादी समुद्रांची वेटोळी आहेत, ही पुराणातील कल्पना त्या काळी लोकांच्या मनात दृढ होती. तिच्यावर कोपर्निकसचे मत एकदम आणून आदळले तर ऐकणारा कान झाकून घेईल, हे विल्किन्सनने ओळखले. त्याने मधला एक टप्पा शोधला. हा टप्पा म्हणजे भास्कराचार्य. सन ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वी गोल आहे, निराधार आहे आणि तिच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. गोल असून ती सपाट का दिसते, या शंकेला भास्कराचार्यांचे उत्तर असे की, एवढ्या मोठ्या वर्तुळाचा अगदी लहान भाग डोळ्यांना सरळच दिसणार, आणि माणूस तर पृथ्वीच्या मानाने अत्यंत क्षुद्र. आपल्याच आचार्यांनी हे सातशे वर्षांपूर्वी सांगितले आहे, एवढे एकदा पटले की पुढची पायरी चढणे सोपे. सुबाजी बापूंनी याच क्रमाने पुराणांचे, सिद्धांतांचे आणि कोपर्निकसचे मत तोलून दाखविणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध केला. विल्किन्सनने आपल्या १८३४ च्या लेखात सुबाजींची हकीकत दिली आहे. खरा प्रकार उमगल्यावर या प्रौढ ज्योतिष्याला आयुष्य भलत्याच कल्पनांच्या समर्थनात गेल्याची हळहळ वाटली, आणि ज्यांनी हे ज्ञान झाकून ठेवले त्या पूर्वसूरींवर तो संतापला, असे त्यावरून कळते. ग्रंथ निघताच पुण्याच्या शास्त्रीमंडळींकडून पुराणे आणि सिद्धांत यांत मुळी विरोधच नाही असे उत्तर आले. सुबाजींनी त्याला प्रत्युत्तर दिले. वाद संस्कृतात चालला, पण मूळ ग्रंथ मराठीत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सिहोरच्याच ओंकार भट्टांनी हिंदीत लिहिलेला ‘भूगोलसार’ १८४१ साली आग्र्यास छापला गेला. मराठी आणि हिंदी ही जोडी तेव्हापासूनची आहे.

विल्किन्सन १८३८ साली नागपुरास एका सतरा वर्षांच्या मुलाला भेटला. नृसिंह परांजपे हे त्याचे नाव. घरी बापू म्हणत. नागपूरच्या मराठी शाळेत शिकत असतानाच त्याने धुंडिराज मिश्र यांच्यापाशी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ वाचले होते. विल्किन्सनने त्याला सिहोरास नेले, आणि १८४२ साली तो काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाला. हेच पुढे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी हिंदीत अंकगणित आणि बीजगणित लिहिले. ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर केले, ते १८६१ साली प्रसिद्ध झाले. १८५८ साली त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे एक टिपण मांडले. चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो, तेव्हा सबंध दिवसाच्या गतीने हिशेब करणे पुरेसे नाही, त्या क्षणाची गती काढली पाहिजे, असे भास्कराचार्यांनी म्हटले आहे. ही ‘तात्कालिक गती’ म्हणजे न्यूटन आणि लाइप्निट्स यांच्या गणिताचा अंकुरच होय, असे बापूदेवांचे प्रतिपादन होते. पूर्वजांच्या कौतुकात वाहून जाणारे लेखन त्या काळी पुष्कळ झाले. बापूदेवांचे टिपण त्यांतले नव्हे. ते सूत्र मांडून बोलत होते.

बापूदेवांच्या जागी १८९० साली सुधाकर द्विवेदी आले. न्यूटनच्या गणितावर हिंदीत ग्रंथ लिहिताना त्यांनी त्याला ‘चलन-कलन’ म्हटले. चलन म्हणजे बदलणे. बदलाची गणना करणारे ते चलन-कलन. मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनी पन्नासेक वर्षांपूर्वी याच विषयावर मराठी पुस्तक लिहिले तेव्हा त्याला ‘शून्यलब्धि’ असे नाव दिले होते. अंतर घटत घटत शून्याशी येते तेव्हा भागाकारातून काय लाभते, ही त्या शास्त्रातली खरी गोम. ‘शून्यलब्धि’ तिच्यावर नेमके बोट ठेवते. काशीच्या शब्दाने उपयोग सांगितला, मुंबईच्या शब्दाने रहस्य सांगितले. काळाच्या ओघात मुंबईचा शब्द मागे पडला आणि आज मराठी विद्यार्थीही ‘कलन’ असेच म्हणतो. शून्यलब्धीबद्दल हळहळ वाटावी इतका तो शब्द चांगला होता. परंतु शब्दाचे आयुष्य त्याच्या नेमकेपणावर ठरत नाही. त्याची इतर रूपे किती सहज होतात यावर पुष्कळसे अवलंबून असते. कलनापासून विकलन, संकलन असे सोपे शब्द निघाले; शून्यलब्धीपासून तसे काही निघू शकले नाही.

सप्र्यांकडे पुन्हा वळले पाहिजे. १९०६ साली त्यांनी नागपुरास ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली आणि एप्रिल १९०७ मध्ये टिळकांच्या ‘केसरी’चे हिंदी भावंड म्हणून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहामुळे क्षमापत्र देऊन ते सुटले. त्याचा सल त्यांच्या मनातून गेला नाही. ते रायपुरास येऊन विरक्ताप्रमाणे राहू लागले. याच काळात ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला, पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणले, चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथ आणला. मराठीत जे जे मोठे निपजले ते ते हिंदीच्या वाचकापुढे ठेवण्याचा जणू त्यांनी नेमच केला. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांचे देहावसान झाले.

सप्रे शालेय शिक्षण घेत होते त्याच काळात, २ फेब्रुवारी १८८४ रोजी, रायपुरास श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण मात्र अमरावतीस झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात काही काळ काढून १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर होऊन, लंडनमार्गे, १९१२ साली परतले. जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीच बाहेर पडला होता. अशा माणसाला इंग्रजीत नाव मिळविणे कठीण नव्हते. केतकरांनी मराठीत ज्ञानकोश करावयाचे ठरविले.

हे ठरविणे म्हणजे काय होते याची कल्पना येण्यासाठी एक आकडा पुरे. ज्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची अकरावी आवृत्ती १९१० - ११ साली निघाली, तिचे खंड एकोणतीस होते, आणि तिच्या पाठीशी दीडशे वर्षांची परंपरा, श्रीमंत प्रकाशक आणि सुमारे दीड हजार लेखक होते. केतकरांपाशी यांतले काहीच नव्हते. संस्थानिकाच्या देणगीवर किंवा सरकारी अनुदानावर विसंबून राहण्यापेक्षा त्यांनी तो धंदा म्हणून उभा केला. १९१६ च्या सुमारास नागपुरास ‘ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित कंपनी निघाली. भाग विकले, वर्गणीदार जमविले, गावोगाव हिंडून ज्ञानाची गिऱ्हाइके शोधली. पुढे काम पुण्यास हलविण्यात आले. १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड प्रसिद्ध झाले. या सगळ्या यातायातीचा वृत्तांत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच देऊन ठेवला आहे. मराठीतील व्यवसायाच्या इतिहासातही त्या पुस्तकाला जागा द्यावयास हवी.

ज्ञानकोशाची रचना पाहिली म्हणजे केतकरांची खरी दृष्टी कळते. अकारविल्हे लेख सहाव्या खंडापासून सुरू होतात. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. वर्गणी भरून बसलेल्या ज्या वाचकाला ‘अ’पासून माहिती हवी होती, त्याच्या हाती आधी हे पाच ठोकळे पडले. व्यवहाराच्या दृष्टीने ही धाडसाचीच गोष्ट होती, आणि तिच्यावर टीकाही झाली. परंतु केतकरांना माहितीचे गाठोडे द्यावयाचे नव्हते. जगाचे ज्ञान मराठी माणसाने कोठे उभे राहून पाहावे, ती जागा त्यांना आधी ठरवावयाची होती. ब्रिटानिकाचे भाषांतर केले असते तर लंडनमधून जसे जग दिसते तसे ते मराठीत आले असते. त्यात हिंदुस्थान एका कोपऱ्यात. केतकरांनी क्रम उलटविला. स्वतःच्या घरापासून निघून जगाला फेरी घालावी आणि मग तपशिलाकडे वळावे, असा तो क्रम आहे.

पाचवा खंड ‘विज्ञानेतिहास’ हा या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. विज्ञान म्हणजे युरोपातून आलेला तयार माल, असे मानणारा वाचक आणि विज्ञानातले सर्व काही आमच्या वेदांत होते असे म्हणणारा वाचक, असे दोघेही त्या काळी होते. आजही त्यांची वाण नाही. शास्त्रांचा इतिहास सांगितला की दोघांचीही पंचाईत होते. ज्योतिष कोणापासून कोणाकडे गेले, कोठे भर पडली, कोठे वाट खुंटली, याचा हिशेब समोर आल्यावर कोणाला लाजण्याचे कारण उरत नाही आणि फुशारकीचेही उरत नाही. सुबाजी बापूंनी सिहोरास जी गोष्ट एका शास्त्रापुरती केली, तीच केतकरांनी सर्व शास्त्रांच्या बाबतीत, आणि भास्कराचार्यांना शिडी म्हणून न वापरता, करून पाहिली.

केतकर चमत्कारिक गृहस्थ होते यात शंका नाही. त्यांची भाषा खडबडीत, वाक्यरचना वेडीवाकडी, कल्पना एकातून दुसरी अशा फुटणाऱ्या. ललित गद्य वाचून सुखावणाऱ्याने त्यांच्याकडे फिरकू नये. पण विषयाला भिडण्याची त्यांची रीत सरळ होती. १९२० साली त्यांनी ईडिथ कोन या जर्मन ज्यू विदुषीशी विवाह केला; त्याच शीलवतीबाई. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत जे भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने काढले, ते या बाईंचे. कोशाच्या धकाधकीच्या काळातील संसाराची कहाणी त्यांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या पुस्तकात लिहिली आहे. ज्ञानकोश पुरा झाला, केतकरांचे नाव महाराष्ट्रभर झाले, १९३१ साली हैदराबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. घरात मात्र पैसा कधीच टिकला नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास ओढगस्तीच्या स्थितीत ते वारले. वय त्रेपन्न.

केतकरांच्या कचेरीत तयार झालेल्या माणसांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. ज्ञानकोशानंतर त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, आणि १९४८ साली ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ प्रसिद्ध केला. काशीच्या कोशाने जे हिंदीसाठी आरंभिले होते ते मराठीत अशा रीतीने बेचाळीस वर्षांनी एका ग्रंथात एकत्र आले.

त्याच वेळी नागपुरास आणखी एक टांकसाळ चालू होती. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल हे रायपूरचे वकील. त्यांच्या सरकारने राज्यकारभार हिंदी आणि मराठी या दोन भाषांतून चालविण्याचे ठरविले आणि परिभाषेचे काम लाहोरहून आलेल्या डॉ. रघुवीर यांच्यावर सोपविले. थोडे संस्कृत धातू, वीस उपसर्ग आणि काही प्रत्यय यांच्या मेळाने हवे तितके शब्द घडविता येतात, असे डॉ. रघुवीर यांचे मत. मत शास्त्रशुद्ध होते. परंतु यंत्रातून निघालेल्या शब्दांचा ढीग एवढा मोठा झाला की लोकांनी त्याची थट्टा आरंभिली, आणि रघुवीरांनी कधी न केलेले विनोदी शब्दही त्यांच्या नावावर खपू लागले. आगगाडीला ‘लोहपथगामिनी’ म्हणण्याचा दोष त्यांच्या माथी मारला जातो, तो अशांपैकीच. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर एकीकडे गेले, रायपूर दुसरीकडे. हिंदी आणि मराठी परिभाषा एकाच मांडवाखाली घडविण्याची जी संधी सिहोरपासून शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांत येत होती, ती तेव्हा संपली. १९६० नंतर महाराष्ट्राने आपले परिभाषा कोश वेगळे केले, १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक परिभाषेचा आयोग नेमला, आणि १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली.

आता त्या चौथ्या, न दिसणाऱ्या पदार्थाचे काय झाले ते पाहावे. मराठीच्या जुन्या रसायनग्रंथांनी त्याला प्राणवायू म्हटले, कारण श्वासाचा आधार तोच. पाण्यापासून निघणाऱ्या वायूला उज्ज म्हटले. उद म्हणजे पाणी, त्यापासून जन्मला तो उज्ज. हिंदीत त्याचाच सख्खा भाऊ उद्जन. नायट्रोजनला आवाजावरून नत्र केले. अंधारात लकाकणाऱ्या फॉस्फरसला स्फुरद नाव दिले. पोटॅशला पालाश म्हटले. पळसाच्या राखेचा क्षार वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होता, आणि दोन्ही शब्दांचा आवाजही जुळला. पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी हायड्रोजन, नायट्रोजन, फॉस्फरस ही जगभर चालणारी नावे स्वीकारली. जागतिक शास्त्राशी जुळते घेण्यासाठी ते योग्यही होते. त्यामुळे ‘उज्ज’ आता जुन्या ग्रंथांतच सापडतो, आणि ‘स्फुरद’ म्हटल्यावर विज्ञानशाखेचा शहरी विद्यार्थी गोंधळून पाहतो.

शेतकरी मात्र गोंधळत नाही. महाराष्ट्रात खतांची माहिती सांगणारे कृषी खात्याचे कोणतेही पत्रक उघडावे. कोणत्या पिकाला हेक्टरी किती नत्र, किती स्फुरद आणि किती पालाश द्यावयाचे ते त्यात लिहिलेले असते. नांगरणीच्या आधी बांधावर बसून दोन शेतकरी त्याच शब्दांत हिशेब करतात.